आपल्या नेटचा ताबा आपल्याकडे

घरात नेट कुठून येते असे डोंबिवलीत कोणालाही विचारा, बोट वर जाते. गच्चीकडे. एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीला गुंडाळलेली काळी वायर रस्ता ओलांडून समोरच्या गच्चीवर जाते, तिथून डक्टमध्ये उतरते आणि खिडकीच्या कोपऱ्यात पाडलेल्या भोकातून घरात शिरते. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या नव्या संकुलांत ती भिंतीतल्या पाइपातून येते, एवढाच फरक. दोन्हीकडे ती शेवटी एका पांढऱ्या डब्याला जोडलेली असते. डबा नेटवाल्याने दिलेला, त्याचा पासवर्ड नेटवाल्याने टाकलेला आणि त्याच्या आत काय चालले आहे ते घरात कोणालाच ठाऊक नाही. फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, ऑफिसचे काम, सगळे याच डब्यातून जाते-येते.

तो डबा आणि घर यांच्यामध्ये आपले स्वतःचे एक यंत्र बसवायचे, आणि त्यासाठी घरात पडून असलेला जुना डेस्कटॉप वापरायचा, हा या पुस्तकाचा विषय. राउटर आणि फायरवॉल ही दोन्ही कामे असे यंत्र चोख करते. त्यावर चालणारी प्रणाली फुकट मिळते आणि विकत घ्यावे लागते ते बहुधा एखादे नेटवर्क कार्ड. पण पैसे वाचतात म्हणून हे करा, असे मी कोणाला सांगणार नाही. आपल्या घरातून काय बाहेर जाते आणि बाहेरून काय आत येऊ पाहते, हे घरातल्या निदान एका माणसाला कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पुस्तक लिहिले ते त्यासाठी.

जुने डेस्कटॉप आपल्या या पट्ट्यात भरपूर आहेत. मुलगी दहावी झाली किंवा मुलगा इंजिनिअरिंगला गेला की ओळखीच्या माणसाकडून असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर घरी यायचा. त्याला प्लॅस्टिकचे कव्हर शिवले जायचे. पुढे लॅपटॉप आला आणि हा कॉम्प्युटर माळ्यावर गेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे बाद ठरली. भंगारवाला ती किलोवर नेतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण त्यांचा मुख्य भर उत्पादकांच्या जबाबदारीवर आहे. आपल्या माळ्यावरच्या यंत्राचे काय करायचे ते आपणच ठरवायचे असते. चालणारे यंत्र मोडीत काढण्याआधी त्याला जमेल असे काम शोधावे, या मताचा मी आहे.

डेस्कटॉपचा राउटर ही आपल्याकडे काही नवलाईची गोष्ट नाही. किंबहुना आपल्या गल्लीतले इंटरनेट सुरुवातीला त्यावरच चालले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई. टेलिफोनच्या हिशेबात ठाणे शहर मुंबईत मोडत होते. तिथे महानगर टेलिफोन निगम आणि ०२२. दिवा ओलांडून डोंबिवलीत उतरले की दूरसंचार खाते (पुढचे बीएसएनएल) आणि ०२५१. रोज एकाच लोकलने ये-जा करणारी माणसे दोन वेगळ्या खात्यांकडे अर्ज घेऊन जात. सरकारच्या २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची व्याख्या केली तीही किमान २५६ केबीपीएस अशी. तेवढेसुद्धा सगळ्यांपर्यंत पोचत नव्हते.

ती पोकळी भरून काढली केबलवाल्याने. टीव्हीच्या वायरी त्याने आधीच गच्चीगच्चीवरून नेलेल्या होत्या, सोसायटीचे सेक्रेटरी त्याला ओळखत होते, महिन्याची वर्गणी घ्यायला त्याचा पोऱ्या दारात येतच होता. त्याने टीव्हीच्या वायरीशेजारून नेटवर्कची वायर ओढली, जिन्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या डब्यात स्विच बसवले आणि बघता बघता अख्खी आळी एका नेटवर्कवर आली. तेव्हा विंडोजमधले ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडले की पलीकडच्या इमारतीतल्या यंत्रांची नावे दिसत. कोणाची गाणी, कोणाचे सिनेमे, आणि मधूनच एखाद्याचा बायोडाटा किंवा गृहकर्जाचे कागद. कोणी चोरी करायला बसलेले नव्हते, दारेच नव्हती. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म जगभर पसरला आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘सॅसर’. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती सुरू व्हायची आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. विंडोज एक्सपीमधले फायरवॉल तोवर मुळात बंद ठेवलेले असे. ऑगस्ट २००४ मधल्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर ते आपोआप सुरू राहू लागले. एकाच नेटवर्कवर बसलेल्या आळीत असा वर्म एका घरात शिरला की शेजारी पोचायला त्याला काही मिनिटे पुरत.

आणि हे सगळे चालवणारे यंत्र कुठे होते? केबलवाल्याच्या ऑफिसात, डिश अँटेनाच्या रिसीव्हरांच्या मांडणीखाली. बऱ्याच ठिकाणी तो एक साधा डेस्कटॉपच असे, आत दोन नेटवर्क कार्डे घातलेला. एका कार्डात बाहेरून येणारी लाइन, दुसऱ्यात आळीकडे जाणारी. त्यावर लिनक्स किंवा लाटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीचे राउटरओएस चाले. ही कंपनी १९९६ मध्ये रीगा शहरात सुरू झाली आणि तिने आधी सॉफ्टवेअर केले ते साध्या पीसीसाठीच. स्वतःचे राउटर ती नंतर बनवू लागली. कोणाला किती वेग द्यायचा, कोणाचे पैसे थकले, कोणाची लाइन बंद करायची, सगळे त्या डेस्कटॉपवरून चाले. शेकडो घरांचे ओझे त्या काळचे यंत्र वाहू शकत होते, तर त्याहून कितीतरी ताकदवान यंत्राला एका घराचे काय जड आहे?

राउटरचे काम समजून घ्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. कल्याण जंक्शनवर मुंबईकडून आलेली गाडी एक तर कसाऱ्याकडे जाते किंवा कर्जतकडे. आत कोण बसले आहे, कशासाठी निघाले आहे, याच्याशी जंक्शनला कर्तव्य नसते. गाडी जाणार कुठे तेवढे पाहायचे आणि त्या मार्गाला लावायची. नेटवरून जाणारी माहिती लहान लहान पुडक्यांत विभागलेली असते, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर कुठून निघाले आणि कुठे जायचे हे दोन पत्ते असतात. राउटर जायचा पत्ता वाचतो आणि पॅकेट योग्य वाटेला लावतो.

घरगुती राउटरला याशिवाय आणखी एक काम करावे लागते. नेटवाला घराला एकच पत्ता देतो आणि घरात तर पंधरा उपकरणे. म्हणून घरातल्या घरात १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते वाटायचे (ही सोय १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पक्की झाली) आणि बाहेर जाताना प्रत्येक पॅकेटवर तो एकच बाहेरचा पत्ता घालायचा. उत्तर आले की ते नेमके कोणाचे होते हे आठवून त्या उपकरणाला द्यायचे. याला नॅट म्हणतात. फायरवॉलही याच आठवणीवर चालते. आतून कोणी काही मागितले असेल तर त्याचे उत्तर आत येऊ द्यायचे. न मागता बाहेरून आलेले काहीही दारातच टाकून द्यायचे. मूळ नियम एवढाच, बाकीचे सगळे त्याचे अपवाद आणि बारकावे.

आता कोणी म्हणेल, नेटवाल्याचा डबाही हेच करतो. करतो, पण त्याची काळजी कोण घेतो? जुलै २०१७ च्या अखेरीस काही राज्यांत बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम अचानक निकामी झाले. त्या मोडेमांवर कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच होते, आणि सेवा देणाऱ्याला दूरवरून मोडेम दुरुस्त करता यावा म्हणून ठेवलेले ७५४७ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचे दार, साऱ्या जगाला उघडे होते. ‘ब्रिकरबॉट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने याची जबाबदारी घेतली. पासवर्ड बदला, असे बीएसएनएलला ग्राहकांना सांगावे लागले. त्याआधी २०१६ मध्ये ‘मिराई’ने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर अशाच ठरावीक पासवर्डांनी ताब्यात घेऊन २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली होती. ज्यांचे कॅमेरे त्यात राबले त्या घरांना त्याचा पत्ताही लागला नाही. स्वस्त डब्यात एकदा भरलेले सॉफ्टवेअर पुढे कोणी ताजे करत नाही, आणि केले तरी ते आपल्या हातात नसते. माझी मुख्य तक्रार आहे ती ही.

जुन्या पीसीसाठीची सॉफ्टवेअरे मात्र माणसांनी जिवापाड सांभाळली आहेत. १९९०च्या दशकात एका फ्लॉपीवर मावणारे लिनक्स राउटर लोक वापरत. आपल्याकडे पीसी क्वेस्ट मासिकाच्या सीडींनी लिनक्स घराघरांत पोचवले, त्याच पिढीतली ही गोष्ट. २००३ मध्ये स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल कॅस्पर यांनी फ्रीबीएसडी या फुकट प्रणालीवर आधारलेले मोनोवॉल प्रसिद्ध केले. सगळी मांडणी ब्राउझरमधून करता येईल, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागणार नाहीत, ही त्याची मोठी देणगी. २००४ मध्ये त्यातून पीएफसेन्सची फांदी फुटली आणि जानेवारी २०१५ मध्ये पीएफसेन्समधून नेदरलँड्सच्या डेसिसो कंपनीने ऑप्नसेन्स काढले. पुढच्याच महिन्यात कॅस्पर यांनी मोनोवॉल थांबवले आणि आपल्या वापरकर्त्यांना ऑप्नसेन्सकडे जायला सांगितले. लिनक्सच्या बाजूला ओपनडब्ल्यूआरटी आहे, ते २००४ पासून लिंक्सिसच्या निळ्या-काळ्या राउटरांवर वाढले आणि आज साध्या पीसीवरही चालते. पुस्तकात मी ऑप्नसेन्स धरून चाललो आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, त्याची नवी आवृत्ती येते, आणि मधल्या काळातल्या दुरुस्त्याही वेळेवर मिळतात. यंत्र फारच अशक्त असेल तर ओपनडब्ल्यूआरटी घ्यावे, त्यासाठी वेगळे प्रकरण दिले आहे.

यंत्र निवडताना पहिली अट: प्रोसेसर ६४ बिटचा हवा. मेमरी चार जीबी असली तर पुरे. जुनी फिरती हार्डडिस्क काढून लहानशी एसएसडी बसवावी. गाडे अडते ते नेटवर्क कार्डापाशी. मदरबोर्डवर नेटवर्कच्या वायरीची एकच खाच असते, आपल्याला किमान दोन लागतात. कॅबिनेट उघडले की आत दोन जातीचे स्लॉट दिसतील. लांब, बहुधा पांढरट असतो तो जुना पीसीआय. त्याची एकूण वहनक्षमता कागदावरसुद्धा सेकंदाला १३३ मेगाबाइट, तीही त्या जातीच्या सगळ्या स्लॉटांत आणि येण्या-जाण्यात वाटलेली. गिगाबिट लाइनला एका दिशेलाच १२५ लागतात. तेव्हा शंभर एमबीपीएसचे कनेक्शन असेल तर पीसीआय कार्ड खुशाल चालेल, तीनशे-पाचशेचे असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचे कार्ड घ्या. त्याचा स्लॉट बोटाच्या एका पेराएवढा असतो. तो मोकळा नसेल तर ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटातही ते बहुतेक बोर्डांवर चालते. ऑप्नसेन्स ज्यावर उभे आहे त्या फ्रीबीएसडीत इंटेलची कार्डे जास्त बिनतक्रार चालतात, रिअलटेकच्या काही चिपा भार आला की कुरकुरतात. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर ऑफिसातून निघालेली इंटेलची वापरलेली कार्डे मिळतात. मात्र नकलीही मिळतात, तेव्हा दुकानदार ओळखीचा असलेला बरा.

माळ्यावरून काढलेले यंत्र लगेच सुरू करू नका. आधी कॅबिनेट उघडून बाहेर गॅलरीत धूळ झटका. पॉवर सप्लायच्या जाळीतून आत पाहा. तिथे पालीचे सांगाडे आणि मुंग्यांची वारुळे निघतात, हे कोणताही दुरुस्तीवाला सांगेल. मदरबोर्डवरच्या उभ्या नळकांड्यांची, म्हणजे कॅपॅसिटरांची डोकी फुगली असतील तर तो बोर्ड चोवीस तासांच्या कामाला लावू नये. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके घासा. खाडीकाठच्या दमट हवेत आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीजवळच्या घरांत या दातांवर थर धरतो. सुरूच न होणारी कितीतरी यंत्रे एवढ्याने जिवंत होतात.

विजेबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण तिथे घाईने पुढे सरकतात. साधा जुना डेस्कटॉप काही न करता नुसता चालू असला तरी चाळीस ते साठ वॅट खातो. पन्नास धरा. दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६, वर्षाला ४३८. महावितरणच्या बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि पुढच्या टप्प्यांचा चढत जाणारा. घरातला पंखा, फ्रिज तर चालूच असतात, म्हणून हे ३६ युनिट तुमच्या बिलाच्या वरच्या टोकाला बसतात, सगळ्यांत महाग दराने. युनिटला सगळे आकार धरून १२ रुपये पकडले तर वर्षाला सव्वापाच हजार रुपये. एवढ्यात चांगला नवा राउटर येतो. म्हणून पेंटियम फोरच्या काळातले यंत्र या कामाला लावूच नका. ते नुसते बसूनही शंभर वॅटच्या आसपास जाते. २०११ नंतरच्या पिढ्यांतले यंत्र घ्या, ग्राफिक्स कार्ड काढून टाका, जास्तीच्या डिस्का काढा, बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीत, वीज वाचवणारे पर्याय सुरू करा. ऑफिसांतून निघणारे पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप दहा-वीस वॅटमध्ये भागवतात, पण त्यांत दुसरे कार्ड बसवायला जागा नसते. पंधरा वॅट म्हणजे वर्षाला सुमारे १३१ युनिट. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो, तो आणून मोजा आणि मगच ठरवा. मोजल्यावर आकडा परवडत नसेल तर पुस्तकातला सराव करा, शिका आणि यंत्र बंद ठेवा. त्यातही काही वाया जात नाही.

दुसरा प्रश्न वीज जाण्याचा. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ या भागातल्या कोणाला आठवत नाही? कळवा-पडघे वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. टाळेबंदीमुळे ऑफिस घरात आलेले होते, ते बंद पडले. अशी घटना एखादीच, पण पावसाळ्यात तासाभरासाठी वीज जाणे नेहमीचे. डब्याचे बरे असते, वीज आली की तो आपला आपण उठतो. डेस्कटॉपला तसे शिकवावे लागते. बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा नावाचा पर्याय असतो, तो ‘पॉवर ऑन’ वर ठेवायचा. तरीही पुष्कळांचे नेट वीज आल्यावर सुरू होत नाही, आणि कारण शोधायला मॉनिटर जोडावा तर पडद्यावर एकच ओळ: की-बोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. की-बोर्डच जोडलेला नाही आणि यंत्र मात्र त्याच्या कळीची वाट पाहत तासन् तास थांबले आहे. ‘हॉल्ट ऑन’ हा पर्याय ‘नो एरर्स’ वर नेला की हे थांबते. त्याहून मुळाशी आहे ती मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी. दहा वर्षे पडून राहिलेल्या यंत्रात ती संपलेली असते. म्हणून आज केलेले हे दोन्ही बदल पहिल्याच वीज जाण्याबरोबर पुसले जातात, घड्याळही जुन्या तारखेला जाते, आणि घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळांचे दाखले खोटे ठरतात. काही रुपयांची ती बॅटरी सगळ्यांत आधी बदला. यंत्र आणि नेटवाल्याचा डबा असे दोन्ही एका यूपीएसवर ठेवा. एकच ठेवून उपयोग नाही.

डेस्कटॉपमध्ये स्लॉट असतात, आणि याचा खरा फायदा तिसरे कार्ड घातल्यावर कळतो. पहिले कार्ड बाहेरच्या लाइनला, दुसरे घराला, तिसरे ज्यांच्यावर आपला पुरता विश्वास नाही अशा उपकरणांना. स्मार्ट टीव्ही, स्वस्तातला कॅमेरा, दारावरची व्हिडिओ बेल आणि पाहुण्यांचे फोन या तिसऱ्या वाटेवर ठेवायचे. त्यांना नेट मिळेल, पण लॅपटॉपकडे किंवा प्रिंटरकडे ती पाहू शकणार नाहीत. बाजारातल्या बऱ्याच राउटरांत यासाठी किचकट मांडणी करावी लागते. इथे वायर वेगळी, म्हणून समजायला सोपे. पूर्वीचा वाय-फाय राउटर फेकू नका, तो आता यंत्राच्या मागे फक्त वाय-फाय देण्याचे काम करील. हाच विचार हाउसिंग सोसायट्यांनीही करावा असे मला वाटते. कमिटीतल्या सगळ्यांना फोनवर जिना दिसावा म्हणून कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचे पोर्ट सरळ बाहेर उघडून ठेवलेले असते. मिराईने शोधले ते नेमके असेच डीव्हीआर. व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येणारी कुलूपबंद वाट, लावून तेच चित्र सुरक्षितपणे पाहता येते, त्याची कृती सविस्तर दिली आहे.

घरातले भांडण मिटवणारा एक उपाय मात्र मी आवर्जून पुढे आणतो. एकाची ऑफिसची मीटिंग चालू असते, दुसरीकडे कोणीतरी लग्नाचे फोटो चढवायला घेते, आणि मीटिंगमधला आवाज तुटायला लागतो. वेग कमी पडला असे सगळ्यांना वाटते, जास्त पैशांचे प्लॅन घेतले जातात, दुखणे तसेच राहते. होते असे, की बाहेर जाणारी पॅकेटे नेटवाल्याच्या डब्यात लांबलचक रांगेत उभी राहतात आणि आवाजाची छोटी पॅकेटे फोटोंच्या मागे अडकतात. जिम गेटिस यांनी २०१० पासून या दुखण्याकडे जगाचे लक्ष वेधले. बफरब्लोट हे त्याचे नाव. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर कोडेल ही पद्धत मांडली. आपल्या यंत्रात चढवण्याचा वेग खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधायचा आणि एफक्यू-कोडेल सुरू करायचे. रांग आता आपल्या ताब्यात येते आणि प्रत्येक कामाची पॅकेटे आळीपाळीने सुटतात. दहा मिनिटांचे काम आहे, आणि घरातल्या इतर माणसांना या यंत्राचे महत्त्व पटते ते बहुधा इथेच.

नेटवाल्याशी बोलणे टळत नाही. काही जण कनेक्शन तुमच्या जुन्या उपकरणाच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाशी, बांधून ठेवतात. यंत्र बदलले की नेट बंद. मग एक तर त्यांना नवा मॅक कळवायचा किंवा जुना मॅक नव्या कार्डावर उतरवून घ्यायचा. कनेक्शन पीपीपीओईचे, म्हणजे लॉगिन करून जोडायचे, असेल तर युजरनेम आणि पासवर्ड मागून घ्या. ते तुमच्याच कनेक्शनचे आहेत, संकोच नको. यंत्र महिनाभर नीट चालले की फायबरच्या डब्याला ‘ब्रिज मोड’ करून द्या, म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद करा, असे सांगा. ते होईपर्यंत, किंवा झालेच नाही तर, दोन राउटर एकामागे एक बसतात. तरी बहुतेक कामे चालतात. फक्त आतल्या आणि बाहेरच्या पत्त्यांची मालिका एकच नको. डबा १९२.१६८.१ वापरत असेल तर आपण १९२.१६८.५० घ्यावी.

बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे आयपीव्ही४ चा एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे आणि त्यावरून बाहेरून घरी जोडता येणार नाही. नवे आयपीव्ही६ असेल तर परिस्थिती नेमकी उलटी: प्रत्येक फोनला, प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि नॅटचा आडोसा उरत नाही. तिथे राखण करायला फक्त फायरवॉल असते. आपल्या देशात आयपीव्ही६ झपाट्याने पसरले आहे, म्हणून त्याचे प्रकरण वगळून पुढे जाऊ नका अशी विनंती आहे.

यंत्र लागल्यावर पहिल्या संध्याकाळी त्याची नोंदवही उघडून बसा. पत्ता सार्वजनिक असेल तर २२, २३, ४४५, ३३८९ या पोर्टांवर जगभरातून येणाऱ्या खटपटी ओळीने दिसतील. घाबरू नका, त्या सगळ्या अडवलेल्या आहेत आणि तुम्हाला उद्देशून कोणी आलेले नाही. आतून बाहेर काय जाते ते अधिक लक्षपूर्वक पाहा. टीव्ही बंद असताना कोणाशी बोलतो, कॅमेरा रात्री कुठे माहिती पाठवतो, ते तिथे कळते.

पण त्याच नोंदवहीत घरातले कोण कोणत्या संकेतस्थळाकडे गेले त्यांची नावेही उतरू शकतात. इथे माझे मत पक्के आहे. घरातल्या मोठ्या माणसांच्या या नोंदी ठेवू नयेत आणि मुलांसाठी काही बंद करायचे असेल तर त्यांना सांगून करावे. सुनेच्या, मुलाच्या, भाडेकरूच्या मागावर राहण्यासाठी हे यंत्र कोणी बसवणार असेल तर त्याने हे पुस्तक घेऊ नये. नोंदी किती दिवसांनी पुसायच्या याची मांडणी म्हणूनच पहिल्या भागात घेतली आहे.

फायरवॉल न अडवू शकणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. पोलीस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारा फोन, बँकेच्या नावाने आलेली लिंक, कोणी गोड बोलून मागितलेला ओटीपी, यांतले काहीच ती थांबवत नाही. घरातल्या आजी-आजोबांना १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक पाठ असावा, फ्रिजवर लिहून लावलेला असावा. आणि फोन घराबाहेर पडून मोबाइलच्या नेटवर गेला की आपल्या यंत्राचा अंमल तिथेच संपतो.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात यंत्र उभे करणे, दुसऱ्यात नियम लिहिणे, तिसऱ्यात दोन कनेक्शने एकत्र वापरणे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या कामाजवळ किंवा काँक्रीटीकरण चालू असलेल्या रस्त्यावर ज्यांचे घर आहे, त्यांची फायबर जेसीबीखाली केव्हा तुटेल याचा नेम नसतो; त्यांनी तिसरा भाग आधी वाचला तरी चालेल. बाकीच्यांनी क्रमाने यावे. कामाला शनिवारी रात्री, सगळ्यांची कामे आटोपल्यावर बसा. नेटवाल्याच्या डब्याची आत्ताची मांडणी फोनवर फोटो काढून ठेवा आणि नवे यंत्र महिनाभर नीट चालेपर्यंत त्यात काहीही कायमचे बदलू नका, म्हणजे एक वायर इकडची तिकडे केली की घर पूर्ववत चालू होईल. ऑप्नसेन्सची फाइल आणि चार-आठ जीबीचा पेनड्राइव्ह आधी तयार ठेवा, कारण राउटर अर्धवट बसलेला असताना ती उतरवून घ्यायला नेट नसते.